पिकअप डिझेल जास्त खातेय? इंजिन उघडण्याआधी हे तपासा

आळेफाट्यावर चहाला थांबलेल्या दोन पिकअपवाल्यांचं बोलणं ऐका. पहिला प्रश्न टोमॅटोच्या भावाचा, दुसरा ॲव्हरेजचा. "तुझी काय देते रे?" "आधी तेरा द्यायची, आता दहावर आलीय." मग शेजारचा तिसरा छातीठोकपणे सांगतो, "नोझल गेलेत, पंपवाल्याकडे टाक." गाडी पंपवाल्याकडे, म्हणजे इंजिनाचा डिझेल पंप आणि नोझल दुरुस्त करणाऱ्याकडे जाते, दोन-चार दिवस उभी राहते, हजारोंचं बिल होतं आणि पुढच्या टाकीला आकडा पुन्हा दहाच येतो.

आमच्या घरच्या गाडीत हेच झालं. इंजेक्टर, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारे नोझल, काढले, दोन बदलले, ॲव्हरेज तसूभर हललं नाही. पुढे कारणं सापडली ती दोन. मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक धरत होता, म्हणजे पाय काढल्यावरही पूर्ण सुटत नव्हता, आणि मागच्या कुठल्या तरी दुरुस्तीत थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनाच्या पाण्याचं तापमान सांभाळणारा भाग, काढून टाकलेला होता. दोन्ही कामांचा मिळून खर्च एका इंजेक्टरपेक्षा कमी आला. तेव्हापासून मी एकच क्रम पाळतो. आधी मोजायचं, मग बिनखर्चाचं तपासायचं, मग स्वस्तातलं, आणि इंजिन अगदी शेवटी. तोच क्रम इथे सविस्तर लिहितोय.

हा त्रास किती महाग पडतो ते आधी बघा. महिन्याला ३,००० किलोमीटर धावणारी गाडी तेराच्या ॲव्हरेजने २३१ लिटर डिझेल पिते, दहाच्या ॲव्हरेजने ३०० लिटर. फरक ६९ लिटरचा. लिटरला ९० रुपये धरले तरी महिन्याला सहा हजारांवर रुपये धुराड्यातून जातात. शेतमालाच्या भाड्यात एवढी मोकळीक कुणाकडेच नसते.

खालचं सगळं दहा-पंधरा वर्षं चाललेल्या डिझेल पिकअपसाठी आहे. आपल्याकडे ती बहुतेक वेळा बोलेरो पिकअप असते: २,५२३ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, जुनी असेल तर साध्या पंपाची, नंतरची असेल तर कॉमन रेलची, म्हणजे एकाच पाइपातून सगळ्या इंजेक्टरना जास्त दाबाने डिझेल देणारी आणि कॉम्प्युटरवर चालणारी. टाटाची २०७ किंवा दुसरी कुठली असली तरी तपासण्याची रीत तीच. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ गाड्यांत धुराड्याच्या फिल्टरचा वेगळा विषय येतो, तो इथे घेतलेला नाही.

आधी आकडा खरा करा

"हजाराचं टाकलं, नारायणगाव ते वाशी जाऊन आलो, काटा इथपर्यंत आला" यावरून ॲव्हरेज कळत नाही. टाकीचा काटा अंदाजासाठी असतो. चढावर तो एक सांगतो, सपाटीवर दुसरंच.

टाकी फुल्ल करा. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडलं की थांबा, वरून दाबून भरू नका. किलोमीटर वहीत लिहा. निदान ३००-४०० किलोमीटर गाडी नेहमीसारखी चालवा आणि परत त्याच पंपावर, त्याच मशीनवर, गाडी त्याच जागी सपाट उभी करून पहिल्या कटपर्यंत भरा. धावलेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर. बस.

हे सलग तीनदा करायचं. कारण साधं आहे. ४०० किलोमीटरला ३३ लिटर लागले आणि भरण्यात दोन लिटरची चूक झाली, तर आकडा सहा टक्क्यांनी खोटा निघतो. तीन टाक्यांचे किलोमीटर एकत्र, लिटर एकत्र करून भागाकार केला की ही चूक विरघळते. वहीत प्रत्येक टाकीपुढे एक ओळ लिहा: जाताना माल किती, येताना रिकामी की भरलेली, रस्ता कोणता, बाजार समितीत किती तास थांबलो. ही ओळ पुढे फार उपयोगी पडते.

आता किलोमीटर तरी खरे आहेत का? हायवेवरच्या किलोमीटरच्या दगडांवरून किंवा फोनच्या नकाशावरून २० किलोमीटर मोजा आणि मीटरशी ताडून बघा. इथे एक गंमत पुष्कळांना माहीत नसते. २१५/७५ आर १५ च्या टायरची त्रिज्या सुमारे ३५० मिलिमीटर असते. झिजून त्यातले सात मिलिमीटर गेले, तर चाक दोन टक्के लहान होतं आणि तेवढ्याच अंतराला जास्त फिरतं. म्हणजे गोट्या झालेल्या टायरवर मीटर दोन टक्के जास्त किलोमीटर दाखवतं. नवे टायर टाकल्यावर "ॲव्हरेज पडलं" असं वाटतं त्यात हा फरक असतोच. वेगळ्या मापाचे टायर टाकले असतील तर फरक आणखी मोठा.

पंपावर संशय असेल तर वाद घालत बसू नका. प्रत्येक पंपावर वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप ठेवावंच लागतं आणि ग्राहकाला त्यात मोजून दाखवण्याची मागणी करता येते. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमात बसतो, त्यापलीकडचा नाही. टाकीचं झाकण आणि कुलूप धड आहे का, हेही याच वेळी बघून घ्या.

गाडी बिघडली की काम बदललं?

वहीतली ती ओळ इथे वाचा. मागच्या वर्षी जाताना दीड टन आणि येताना रिकामी असा धंदा होता. यंदा येताना खताच्या गोण्या मिळतात, ही चांगलीच गोष्ट आहे, पण मग आकडा पडणारच. एक्स्प्रेसवेऐवजी माळशेजवरून कल्याणला जायला लागलात, तरीही पडणार. अशा वेळी गाडीत दोष शोधायला जाऊ नका.

हौद्याला उंच जाळी बसवली असेल, टपावर कॅरियर आलं असेल, रिकामं येताना ताडपत्री फुगून फडफडत असेल, तर ते हवेशी भांडण आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ६० वरून ८० वर गेलात की तो पावणेदोन पटीच्याही किंचित वर जातो. पिकअपचं तोंड चपटं, मागे उघडा हौदा. तिला हा फरक कारपेक्षा जास्त झोंबतो. रात्री दोनला बाजार गाठायचा म्हणून ८५-९० ने पळवणाऱ्याने एक टाकी ६०-६५ ने चालवून बघावी. माझ्या माहितीतल्या निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

उभी गाडी चालू ठेवण्याचाही हिशेब आहे. अडीच लिटरचं डिझेल इंजिन उभ्या-उभ्या तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पितं. लिलावाच्या रांगेत रोज दोन तास इंजिन चालू राहिलं, तर महिन्याला तीस-चाळीस लिटर एकही किलोमीटर न धावता जातं. सेल्फ किंवा बॅटरी कमजोर म्हणून गाडी बंद करत नसाल, तर आधी बॅटरी बदला. ती वर्षभरात डिझेलमधून वसूल होते.

आणि घाट उतरताना न्यूट्रल. ही सवय मोडाच. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की चाकं इंजिनला फिरवतात आणि इंजेक्टर डिझेल बंद करतात; जुन्या पंपातही डिझेलचं प्रमाण सांभाळणारा गव्हर्नर तेच करतो. न्यूट्रल केलं की इंजिनला स्वतःच्या जिवावर फिरावं लागतं आणि ते डिझेल घेतं. म्हणजे बचत तर नाहीच, वर माल भरलेली गाडी नुसत्या ब्रेकवर खंबाटकी किंवा कसारा उतरते. लायनर (ब्रेकचं अस्तर) तापून ब्रेक लागेनासा होणं हे असंच घडतं.

गाडी मोकळी धावते का?

काम तेच, वेग तोच आणि तरीही आकडा पडलाय, हे नक्की झालं की आता गाडीकडे वळायचं. बॉनेट मात्र अजून उघडायचं नाही.

टायरची हवा सकाळी, गाडी हलण्याआधी, स्वतःच्या गेजने बघा. लाथ मारून हवा कळत नाही. लोड टायरची बाजू इतकी जाड असते की निम्मी हवा गेली तरी तो ताठ दिसतो. किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. पट्टी पुसली असेल तर गाडीच्या पुस्तिकेत असतं. मागच्या टायरला रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी वेगळे आकडे असतात. रोज भरून जात असाल तर भरलेल्या गाडीचा आकडा धरा.

पुढच्या टायरच्या नक्षीवरून तळहात आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने करवतीसारखं लागलं, तर अलाइनमेंट बिघडलंय. चाकं किंचित तिरकी घसटत चालली आहेत, म्हणजे टायर आणि डिझेल दोन्ही जातंय. अलाइनमेंटआधी बॉल जॉइंट आणि टाय रॉड या पुढच्या चाकांच्या सांध्यांची ढिलाई काढून घ्या, नाहीतर महिन्यात परत तेच.

यानंतर ब्रेक. हे मी कधीच चुकवत नाही.

दहा-बारा किलोमीटर गाडी चालवा. शेवटचे दोन किलोमीटर ब्रेक जवळजवळ न लावता चालवा आणि सपाट जागी हळूहळू आपोआप थांबू द्या. उतरून चारही चाकांच्या रिमजवळ हाताची मागची बाजू न्या. आधी लांबून, कारण धरलेला ब्रेक हात भाजण्याइतका तापतो. एका एक्सलची दोन्ही चाकं सारखी कोमट हवीत. एखादं वेगळं तापलेलं असेल, तर चोर तिथे आहे.

खात्री करायची असेल तर बाकीच्या चाकांखाली दगड लावून संशयित चाक जॅकवर घ्या. जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली जायचं नाही, चासीखाली लाकडी ठोकळा द्या. पुढचं चाक हाताने फिरवल्यावर एक-दोन फेरे फिरायला हवं. पॅड डिस्कला हलका घासल्याचा आवाज चालतो, अडखळणं चालत नाही. मागची दोन्ही चाकं उचलून, गिअर न्यूट्रल आणि हँडब्रेक मोकळा करून तसंच बघा. मागे क्राउनचं (मागच्या एक्सलमधल्या गिअरचं) ओझं असल्यामुळे चाक थोडं जड फिरतं, पण डावं-उजवं सारखं लागलं पाहिजे.

धरण्याची कारणं ठरलेली. मागे हँडब्रेकची केबल आतून गंजून परत येत नाही, लायनर जास्त ताणलेला असतो किंवा चाकातला सिलिंडर जाम असतो. पुढे कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना सुकतात किंवा पिस्टन गंजतो. एक कारण सहज हुकतं. ब्रेकचा रबरी पाइप बाहेरून चांगला दिसतो, पण आतून फुगलेला असतो. तेल दाबाने पुढे जातं, परत येत नाही. ब्लीडिंगचा, म्हणजे ब्रेकच्या तेलातली हवा काढायचा, निपल किंचित सोडल्याबरोबर चाक मोकळं झालं, तर कॅलिपर बदलण्याआधी हा पाइप बदला.

चाक जॅकवर आहेच, तर वर-खाली धरून हलवा आणि फिरवताना कान द्या. बेअरिंगचा खरखराट तिथेच कळतो.

थर्मोस्टॅट: जागेवर आहे का?

यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत हा दोष मिस्त्रीच्या हाताने तयार होतो. उन्हाळ्यात घाटात गाडी तापते. मिस्त्री थर्मोस्टॅट काढतो, "आता तापायचं नाव घेणार नाही" म्हणतो. आणि खरंच तापत नाही. कधीच तापत नाही, जेवढं तापायला हवं तेवढंही नाही.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्यातला दरवाजा. पाणी थंड असताना तो बंद राहतो, म्हणजे इंजिन लवकर गरम होतं. ठरलेल्या तापमानाला, बहुधा ८० अंशांच्या घरात, तो उघडायला लागतो. तो नसला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये फिरतं. थंड इंजिनात ऑइल जाड राहतं, घर्षण वाढतं, डिझेल नीट जळत नाही. कॉमन रेल गाडीत तर कॉम्प्युटर पाणी थंड आहे असं बघतो आणि गाडी थंड असतानाच्या हिशेबाने डिझेल सोडत राहतो. थंडीच्या दिवसांत पहाटे जुन्नरहून निघणाऱ्या गाडीला हे जास्त भोवतं.

तपासायला पाच मिनिटं लागतात. सकाळी थंड गाडी चालू करा आणि रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या जाड पाइपवर हात ठेवा, पंख्यापासून बाह्या लांब ठेवून. थर्मोस्टॅट ठीक असेल तर पाइप बराच वेळ थंड राहतो आणि इंजिन गरम झाल्यावर थोड्याच वेळात झपकन तापतो. चालू केल्यापासून तो हळूहळू कोमट होत गेला, तर थर्मोस्टॅट नाही किंवा उघडा अडकलाय. दुसरी खूण म्हणजे हायवेला अर्धा तास चालूनही काटा नेहमीच्या जागेच्या खालीच राहतो आणि घाट लागला की वर येतो.

काढलेला थर्मोस्टॅट पातेल्यात पाणी घालून गॅसवर ठेवला की उघडताना डोळ्यांना दिसतो. नवा घेताना त्यावर कोरलेला आकडा तुमच्या गाडीचाच आहे हे बघा. आणि ज्या कारणाने गाडी तापत होती ते कारण दुरुस्त करा: चोंदलेला रेडिएटर, ढिला बेल्ट, झिजलेला वॉटर पंप. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं.

काटा बरोबर असूनही संशय वाटला तर पाण्याचा सेन्सर स्कॅनरवर बघावा लागतो. मीटरचा काटा आणि कॉम्प्युटरला दिसणारा आकडा नेहमी एकच असतो असं नाही.

पंख्याकडेही लक्ष द्या. क्लचवाला पंखा असेल तर सकाळी थंड गाडी चालू केल्यावर थोडा वेळ घोंघावतो आणि मग शांत होतो. दिवसभर विमानासारखा आवाज करत असेल तर क्लच जाम झालाय आणि पंखा विनाकारण इंजिनाची ताकद खातोय.

श्वास: हवा आत, धूर बाहेर

आता हवा आणि धूर. धूर सगळ्यात आधी बघा, कारण तो फुकटात सांगतो. चढावर, भरलेल्या गाडीत, कुणाला तरी मागच्या गाडीतून बघायला सांगा. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. निळा म्हणजे ऑइल जळतंय. गरम इंजिनातून सतत पांढरा आणि डोळ्यांना झोंबणारा म्हणजे न जळलेलं डिझेल. गोडसर वासाचा पांढरा असेल आणि पाणी कमी होत असेल, तर ॲव्हरेज विसरा, इंजिनाच्या हेडचं गॅस्केट बघा.

काळ्या धुराला पहिला उपाय एअर फिल्टर. कांद्याच्या शेतात, कच्च्या रस्त्याला चालणाऱ्या गाडीला पुस्तिकेतले किलोमीटर लागू पडत नाहीत, निम्म्यावर बघा. कागदी फिल्टर पाण्याने धुऊ नका. हवा मारायची तर कमी दाबाने, आतून बाहेर. प्रकाशासमोर धरून भोक दिसलं तर फेकून द्या, त्यातून गेलेली धूळ टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा भाग) आणि पिस्टनच्या रिंगा खाते.

फिल्टर चांगला आणि धूर तरी काळा? मग टर्बोपासून इंटरकूलरकडे (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीकडे) आणि तिथून इंजिनाकडे जाणारे जाड रबरी पाइप तपासा. ते वाकवून खालची बाजू बघा, चीर बहुधा तिथे असते आणि भोवती ऑइलचा ओलसर काळा थर दिसतो. चढावर जोर दिला की फुस्स आवाज येतो, ओढ कमी लागते. टर्बोने दाबलेली हवा चिरेतून बाहेर गेली की ड्रायव्हर आपसूक जास्त ॲक्सिलरेटर दाबतो. क्लिप घट्ट करून भागलं तर उत्तमच, नाहीतर पाइप बदला. चिकटपट्टी दोन दिवस टिकते.

नंतरच्या गाड्यांत ईजीआर व्हॉल्व्ह असतो. जळालेला थोडा धूर तो परत इंजिनात सोडतो. काजळीने तो उघडा अडकला की इंजिन स्वतःचाच धूर ओढत राहतं. तो खोलून साफ करता येतो. कायमचा बंद करून टाकायचा सल्ला सर्रास मिळतो, मी तो देणार नाही. प्रदूषणाच्या नियमात ते बसत नाही आणि काही गाड्यांत कॉम्प्युटर त्यावरून नव्या चुका दाखवायला लागतो.

डिझेल कुठे जातंय?

गळती आधी. रात्री इंजिनाखाली आणि टाकीखाली पुठ्ठा पसरा, सकाळी डाग बघा. इंजेक्टरवरून टाकीकडे परत जाणारे बारीक रबरी पाइप उन्हाने आणि उष्णतेने चिरतात. इंजिन चालू असतानाच झिरपतात आणि गरम इंजिनावर सुकून जातात, म्हणून डाग दिसत नाही, वास मात्र येतो. चासीला घासणारा लोखंडी पाइपही बघा. डिझेल फिल्टरखालचा नट सोडून पाणी काढा. फिल्टर चोंदला की मुख्यतः ओढ जाते, ॲव्हरेज त्यामागोमाग.

कॉमन रेलच्या गाडीत चालू इंजिनावर जाड लोखंडी पाइपचा नट सोडू नका, गळती हाताने चाचपू नका. तिथला दाब १,००० बारच्याही वर जातो. ती धार कातडी भेदून आत शिरते आणि हात कापायची वेळ येऊ शकते. गळती शोधायची तर इंजिन बंद करून, पुठ्ठ्यानेच.

इंजेक्टर सगळे बदलण्याआधी रिटर्नची चाचणी मागा. चारही इंजेक्टरच्या परतीच्या पाइपांना चार सारख्या बाटल्या लावतात आणि इंजिन काही मिनिटं चालवतात. चौघांत सारखं डिझेल जमलं तर बदलायची घाई नको. एकाच बाटलीत दुप्पट-तिप्पट जमलं तर तो आतून झिजलाय. इंजेक्टर बदलला की काही गाड्यांत त्यावरचा कोड कॉम्प्युटरला द्यावा लागतो, तो दिला का ते विचारा. जुन्या साध्या पंपाच्या गाडीत नोझलचा दाब आणि फवारा यंत्रावर स्वतः उभं राहून बघा. फवारा धुक्यासारखा हवा, टपकन थेंब पडायला नको. पंपाचं टायमिंग मागे-पुढे झालं तरी ॲव्हरेज पडतं, पण ओढ लागावी म्हणून पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवून दिलेल्या गाड्याही मी पाहिल्यात. तसं काही झालंय का, मागच्या मिस्त्रीला विचारा.

क्लचची परीक्षा चढावरच होते. चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज चढला आणि वेग तिथेच राहिला, वर जळका वास आला, तर प्लेट घसरतेय.

गॅरेजमध्ये जाताना

एका वेळी एकच दुरुस्ती, मग निदान एक टाकी, शक्यतो तीन. तीन कामं एकदम केली तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही आणि पुढच्या वेळी परत तिन्ही करावी लागतात. वही सोबत न्या. "डिझेल खातेय" असं सांगितलं की मिस्त्री अंदाज बांधतो. "जून ते ऑगस्ट १२.८, नोव्हेंबरपासून १०.९, माल तेवढाच, रस्ता तोच, मागचे ब्रेक मोकळे, थर्मोस्टॅट तपासला" असं सांगितलं की तो पुढच्या पायरीपासून सुरुवात करतो. काढलेला प्रत्येक भाग परत मागून घ्या, आणि स्कॅनर लावला असेल तर चुका पुसण्याआधी पडद्याचा फोटो काढा.

हे सगळं करूनही आकडा वर आला नाही, तर इंजिनाची पाळी. चालू इंजिनावर ऑइल भरण्याचं झाकण सैल करून बघा. तिथून धूर भपके मारत असेल, ऑइल दर महिन्याला घालावं लागत असेल, सकाळी चालू व्हायला गाडी कुरकुरत असेल, तर कॉम्प्रेशन मोजून घ्या. चारही सिलिंडरचे आकडे कागदावर लिहून मागा. एकच सिलिंडर मागे असेल, तर आधी टॅपेट आणि व्हॉल्व्ह बघायला सांगा, तेवढ्यावर भागू शकतं. चारही सारखेच खाली आले असतील, तर बोअर आणि रिंगांचं काम काढायला हरकत नाही. त्यानंतर नव्या रिंगा बसेपर्यंत आकडा कमीच दिसतो. त्या काळातल्या टाक्या वहीत वेगळ्या पानावर लिहा, जुन्या नोंदींशी ताडू नका.